अमेरिकन, स्विस, तैवान आणि आमचं चारकोप

१२ ऑगस्ट, मंगळवार

जमली एकदाची. आज संध्याकाळी गाळ्यात पक्कड उघडली, मिटली, परत उघडली. दांड्यांच्या आतलं पातं, पेचकस, करवत, डबा उघडायचं, सगळं आपापल्या जागी येतंय आणि जातंय. जाधवकाकांनी ग्राइंडर बंद केला, हात पुसले, दोनदा उघडून बघितली आणि म्हणाले, "झकास." काका बाबांच्या वेळेपासून गाळ्यात आहेत. ते फार तर "चालेल" म्हणतात. झकास मी पहिल्यांदा ऐकलं.

आमच्या गाळ्यातून आजवर काय बाहेर पडलं? बिजागऱ्या, क्लिपा, ब्रॅकेट. प्रत्येकावर ठसा गिऱ्हाइकाच्या नावाचा. बाबांनी तेच केलं, मीही तेच करत आले. ही पहिली वस्तू, जी आमच्या डोक्यातून निघाली आणि आमच्याच प्रेसखाली गेली.

घरी नेऊन बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला नाही, नुसतं हातावर वजन घेतलं. मग कमरेच्या पट्ट्यावरच्या चामड्याच्या घरातून त्यांची 'अमेरिकन' काढली आणि शेजारी ठेवली.

"पोलाद खंयचा?"
"जपानचं."
"मगे नाव आपला कशाक?"

आणि बाबा जेवायला बसले. मी अर्धा भात टाकला. एवढा राग बरेच दिवसांत आला नव्हता.

१३ ऑगस्ट

सकाळी सरळ विचारलं, परब नावाचा ठसा मारायचा की नाही? त्या ठशाचा पंच आजोबांनी गिरणीत असताना स्वतः कोरलेला. कपाटात असतो, किल्ली बाबांकडे. पहिली खेप तयार आहे, फक्त नाव पडायचं बाकी.

बाबा म्हणाले, "खंडेनवमीक माझ्या पकडीच्या बाजूक पाटार बसाक होयी. तोवर ठसो मारूक देवचंय नाय."

पाट म्हणजे अवजारं पूजेला मांडायचा. आता त्या अमेरिकनशी बरोबरी म्हणजे झालंच. गिरणी बंद पडल्यावर बाबा काही वर्षं गोदीत होते. तिथे एका बोटीचा अडलेला पंप त्यांनी सोडवून दिला, तर बोटीवरच्या इंजिनीअरने खूश होऊन स्वतःच्या कमरेची पक्कड काढून दिली. दांडीवर यू.एस.ए. कोरलेलं. आई गेली तेव्हासुद्धा ती पट्ट्यावर होती. लहानपणी मला वाटायचं, अमेरिका म्हणजे बाबांच्या कमरेला असलेलं काहीतरी. इतक्या वर्षांत एक डाग नाही, सांधा लोण्यासारखा. बाबांचं एकच म्हणणं, "अमेरिकन ता अमेरिकन."

ठीक आहे. मग नुसती त्यांचीच कशाला, जगातल्या सगळ्या आणते आणि शेजारी ठेवते.

१७ ऑगस्ट, रविवार

सगळ्या आल्या. काही मागवल्या, एक म.च्या ऑफिसातल्या माणसाने बाहेरून आणून दिली. टेबलावर मांडल्यावर म. म्हणाला, "आपल्या लग्नात एवढे दागिने नव्हते गं." म. म्हणजे महेश, माझा नवरा, चेंबूरचा. त्यांच्या घरात खिळा ठोकायलासुद्धा माणूस बोलावतात.

दांड्यांना चिकटपट्टी लावून अक्षरं घातली. जु म्हणजे बाबांची जुनी. न म्हणजे नवी, अमेरिकन नावाची. स्वि स्विस, तै तैवानची, ची चिनी. आणि आमची चा, चारकोपची.

न च्या खोक्यावर केवढा मोठा झेंडा. बाबांनी भिंग घेतलं आणि खोकं फिरवत फिरवत पार तळाशी गेले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत मेड इन चायना.

"ह्या कसला अमेरिकन?"
"नाव तिकडचं बाबा, माल इकडचा."
"मगे झेंडो कोणाचो?"

आज पहिल्यांदा ते माझ्या बाजूने चिडले. बरं वाटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

गाळा बंद, आम्ही आत. जा.काका, मी, आणि दारात खुर्ची टाकून बाबा. "माका काय, मी आपलो वाऱ्याक बसलंय." वारा कसला, पंखा आमच्याकडे होता.

आधी कानस. पात्यावर कानस फिरवायची. घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. स्वि वरून अशी घसरली की काकांनी परत परत फिरवून बघितली. तै पण उत्तम. ची वर कानस चावेल असं मी धरूनच चालले होते. नाही चावली. चिनी माल म्हणून नाक मुरडत होते, तोंडात मारल्यासारखं झालं. तिची तार कापायची धारसुद्धा चांगली. फक्त कडा घासलेल्या नाहीत, काकांचं बोट कापलं.

न बरी. बरी म्हणजे बरीच, पण झेंड्याच्या मानाने नाही.

आमची चा: पात्याला तिसरा नंबर. तार कापण्यात जु च्या खालोखाल. सांध्यातला खेळ सगळ्यांत कमी, आडवी हलवली तर हलतच नाही. ते मी केलंय. रिव्हेटच्या भोकांपायी मी किती दांड्या मोडीत काढल्या ते मलाच माहीत. करवत मात्र नुसती शोभेची. सुंभ कापायला घेतलं तर दाढी केल्यासारखं भुरभुरलं. ते पण लिहून ठेवते, खोटं कशाला.

स्वि मिटताना जो आवाज होतो, तो ऐकून काकांनी डोळे मिटले. मी पण मिटले. तिथे पोचायचंय.

बाबा निघताना, "खारी हवा लागूक नाय अजून." बस्स, तेवढंच.

२८ ऑगस्ट

गणपती काल बसले. मखराचा बांबू बांधायला म. ने तार कापली. न सांगता टेबलावरच्या पकडींतून चा उचलली. का उचललीस विचारलं तर म्हणतो, "हातात बसते." हा माणूस पेचकस उलटा धरतो, पण शेरा बरोबर.

बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याला परत बोलायला लावलं.

८ सप्टेंबर, सोमवार

माहुलला गेले. नीलम, माझी आयटीआयची मैत्रीण, तिचं घर अगदी खाडीच्या अंगाला. एका बाजूने खारं, दुसऱ्या बाजूने रिफायनऱ्यांचा वास. तिच्या खिडकीच्या ग्रिलला दर वर्षी रंग लागतो आणि दर वर्षी सोलून निघतो. याहून कडक परीक्षा कुठे मिळणार. पाच पकडी तिच्या ओटीवर, सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी टांगल्या. जु अर्थातच नाही, ती बाबांना सोडून कुठे जात नाही.

"एकाही पकडीला हात लावायचा नाही, नुसत्या टांगून ठेवायच्या."
"हो गं बाई, राखण करते तुझ्या सुनांची."

बाबा म्हणाले, पितृपक्षात नावाचा विषय नको. बरं. तोवर खारी हवा काम करेल.

२१ सप्टेंबर, रविवार

नीलमचा गळा दाबणार होते.

गेले तर ओटीवर चारच. आमची कुठेय? आत, स्वयंपाकघरात, विळीच्या बाजूला. हिने त्या पकडीने जाळ्याची दोरी कापली, गॅसचा नॉब पिळला, आणि चिंबोऱ्यांचे नांगे फोडले. कालच. मसाल्याचा वास अजून येत होता.

मी म्हटलं, वाट लावलीस. परीक्षा होती ती.

ती शांतपणे म्हणाली, "अगं, त्या स्विसला हात लावायला भीती वाटली, एवढी चकचकीत. चिनी बोटाला लागते. तुझी सोयीची होती, घेतली. उगाच टांगून काय करायचं?"

रागाने पक्कड खिडकीत उजेडाला धरली. दांड्यांवर पिवळट छटा, तीही हळदीची. बाहेरून गंज नाही. टांगून ठेवलेल्या न च्या स्क्रूंना तांबूस कडी आलेली. तै च्या स्प्रिंगला किंचित. ची ची करवत डागाळलेली. स्वि जशीच्या तशी, तिला मानलं. आणि आमची खारी हवा खाऊन, वर चिंबोऱ्या फोडून, तशीच उघडत होती.

मग राग टिकेना. नीलमकडेच जेवले. येताना टॅक्सीत पक्कड मांडीवर धरून बसले होते. छाती एवढी फुगली होती, लिहायला लाज वाटतेय पण खरं आहे.

बाबांना सगळं सांगितलं, नांग्यांसकट. हसले. नांग्यांवर हसले की पकडीवर, कळलं नाही. "बघू खंडेनवमीक."

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

ओळीने लिहिते, नाहीतर डोकं ठिकाणावर राहणार नाही.

सकाळी गाळा धुतला. प्रेसला झेंडूची माळ, ग्राइंडरला माळ. पाटावर लाल कापड. बाबांनी एकेक अवजार मांडलं: आजोबांचा हातोडा, मायक्रोमीटर, कानशी, काकांचे पाने, घरून आणलेला स्वयंपाकघरातला पेचकससुद्धा. मधोमध अमेरिकन. तिच्या बाजूला हाताएवढी जागा मोकळी.

मी चा पुढे केली. बाबांनी घेतली नाही.

"ह्या अजून अवजार नाय. तुझा खेळणा आसा."
"एवढ्या परीक्षा बघितल्यात ना तुम्ही?"
"परीक्षा बघितलंय. काम खंय बघितलंय?"

मोकळ्या जागेत सुपारी ठेवली. सुपारी. हळदीकुंकू झालं, नारळ झाला, काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पक्कड पर्समध्ये टाकली आणि प्रसाद न घेता बाहेर आले. गाळ्यामागे उभी राहून रडले. का लपवायचं.

दुपारी घरी. तळमजल्याच्या सावंतकाकू वर आल्या: पंप बंद, टाकी रिकामी, संध्याकाळी सोसायटीत हळदीकुंकू, प्लंबर गावाला. "परब, तुम्ही बघा ना जरा." बिल्डिंगमध्ये काही अडलं की सगळे बाबांकडेच.

बाबा उठले, हात कमरेकडे गेला. चामड्याचं घर रिकामं. अमेरिकन पाटावर, कुंकू लावलेली. आणि बाबांचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. पाटावर बसलेलं अवजार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. घरातला शेवटचा पेचकससुद्धा त्यांनीच गाळ्यात नेऊन बसवलेला.

काकू उभ्या. म. तोंडात हसू दाबून माझ्या पर्सकडे बघत होता. मी पर्सला हात लावला नाही. मुद्दाम नाही लावला.

मग बाबांनी हात पुढे केला. "ती दी."

पंपाच्या खोलीत अंधार, मी टॉर्च धरला. मेन स्विच बंद करून बाबांनी झाकण खोललं, आमच्या पेचकसने. वायरचं टोक जळलेलं. आमच्या पकडीने छाटलं, आमच्या पात्याने सोलून परत कसलं. मागचा पंखा अडकला होता, तोही आमच्याच पेचकसाने मोकळा केला. एकदाही थांबून हत्याराकडे बघितलं नाही. चांगल्या हत्याराकडे बघावं लागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलंय.

पंप सुरू झाला. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज. काकू म्हणाल्या, "बघा, परबांशिवाय काही होत नाही." कुठल्या परबांशिवाय, ते मी नाही विचारलं.

म. चं नंतरचं: "पाटावर नाकारली म्हणून कामाला उरली."

आणि एक. बाबांनी पक्कड परत दिली नाही. शर्टाच्या खिशात घातली आणि जाऊन पडले.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी गाळ्यात गेलो. बाबांनी सुपारी उचलली, खिशातून चा काढली आणि अमेरिकनच्या बाजूला ठेवली. काकांनी उगाच घंटा जोरात वाजवली.

पूजा मी केली. हळद, कुंकू, फुलं, अक्षता. नारळ फोडला आणि ते पाणी भरभरून आमच्या पकडीवर ओतलं. आज हात आखडता घ्यायचा नव्हता. सोनं वाटताना बाबांनी आपट्याचं पान आधी मला दिलं. दर वर्षी आधी काकांना देतात.

पंच मागितला. "आज दसरो होऊंदे."

५ ऑक्टोबर, रविवार

पाट आज आवरला. अमेरिकन उघडली, लोणी. आमची उघडेना.

जोर लावला तर करकरली. सांध्यातून लाल पाणी आलं. आधी वाटलं कुंकू. कुंकू नव्हतं.

माहुलची खाडी पचवली, चिंबोऱ्या पचवल्या, आणि स्वतःच्या पूजेत गंजली. गोड खारट पाणी, वर हळदकुंकवाचा चिखल, आणि तीन दिवस न हलता पडून. ही परीक्षा घ्यायची कुणाच्या डोक्यात येणार? मी मुकाट्याने बाबांसमोर नेऊन ठेवली. लपवायचा विचार आला होता, अगदी क्षणभर.

बाबांनी रिव्हेट काढली. दांड्या ठीक, पाती ठीक. मधले वॉशर साधे लोखंडी, ते गंजलेले. ते मी बाजारातून तयार आणले होते. सगळ्यावर जीव टाकला आणि वॉशरला कोण बघतंय म्हणून सोडून दिलं.

"मग तुमची कशी नाही गंजली? तिच्यावरही पाणी पडलं की."
"तिका मी आदल्या दिवशी तेल घालतंय. दर वर्सा. सांध्यात, पात्यात, सगळ्यात. वरसून पुसून घेतंय, कोणाक दिसाचा नाय."
"मला सांगितलं नाहीत कधी?"
"तू इचारलंस खंय? तू पोलाद खंयचा ताच बघत होतंस."

पोलाद कुठचं हा प्रश्न पहिला कुणी विचारला, त्याची आठवण करून देणार होते. दिली नाही. कारण डोक्यात दुसरंच चाललं होतं. इतकी वर्षं घरातला प्रत्येक माणूस म्हणत आला, अमेरिकन ती अमेरिकन. आणि तिच्या सांध्यात दर वर्षी मालवणी तेल. मग चांगली कोण, अमेरिका की बाबा?

११ ऑक्टोबर, शनिवार

नवे वॉशर स्टेनलेसचे, आमच्याच प्रेसवर पाडले. ह्यातही हात आपलाच. काकांनी घासले, म्हणाले, "चालेल." काका परत मूळ पदावर.

शेवटची परीक्षा, बाबांच्या सांगण्यावरून. स्टीलच्या डब्यांत नारळाचं पाणी, हळदकुंकू घालून. सगळ्या कोरड्या पुसून, तेल नाही, एकेक डब्यात. न, स्वि, तै, ची, चा. पाच डबे मांडून झाले.

बाबांनी सहावा डबा मांडला. चामड्याचं घर उघडलं. अमेरिकन काढून रॉकेलमध्ये धुतली, सगळं तेल काढलं, फडक्याने कोरडी केली.

मी म्हटलं, नको बाबा. खरंच म्हटलं. दोन महिने मी ह्याच क्षणाची वाट बघत होते आणि आला तेव्हा नको वाटलं.

"सगळ्यांक एकच नियम," म्हणाले, आणि सोडली पाण्यात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

डबे काढले.

स्वि स्वच्छ. चा स्वच्छ. खरंच स्वच्छ, काकांनी भिंगातून बघितलं, मी बघितलं, बाबांनी बघितलं. तै ला एक ठिपका. ची ची करवत गेली. न चे स्क्रू लाल.

जु चा सांधा लाल. पात्याच्या मुळाशी पण.

मला आनंद व्हायला हवा होता. आमची पक्कड स्विसच्या रांगेत बसली, ती पण चारकोपच्या गाळ्यातून निघालेली, आणि अभिमान होता, आहे, मान ताठ होते नुसतं आठवून. पण बाबा ती लाल झालेली पक्कड बनियनच्या टोकाने पुसत होते, आणि मला त्यांचाच अभिमान जास्त वाटला. आपली लाडकी वस्तू अशी सगळ्यांच्या रांगेत कोण सोडतं?

संध्याकाळी बसून दोघांनी मिळून तिला तेल घातलं. मी पाती धरली. दोन दिवसांत परत लोणी होईल म्हणाले. डाग राहील.

"डाग आसांदे," म्हणाले. म्हणजे असू दे.

मग कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

१९ ऑक्टोबर, रविवार

परब.

पहिला ठोका बाबांनी मारला. हातोडा आजोबांचा, पंच आजोबांचा. अक्षरं किंचित तिरकी आली, बाबा म्हणाले राहू दे. ती पक्कड विकायची नाही. पुढच्यांवर मी मारले. उरलेल्यांवर काकांनी. फटाक्यांची दुकानं लागलीत बाहेर, आणि आमच्या गाळ्यात दिवसभर नुसतं ठक ठक.

दांडीची दुसरी बाजू कोरी आहे. तिथे देश येतो. मी म्हटलं, मेड इन इंडिया. बाबा म्हणाले, पोलाद जपानचं हे विसरू नकोस. म. म्हणतो, मेड इन चारकोप लिहा, लोक विचारतील तरी. काका म्हणतात, काहीच नको, बघणाऱ्याला कळेल. मला मुंगीएवढ्या अक्षरांत काही लिहायचं नाही. जे लिहीन ते मोठं, आणि पूर्ण खरं. दिवाळीनंतर ठरवते.

येताना बाबा म्हणाले, जरा स्टेशनकडून जाऊ. तिथले चपला शिवणारे काका बाबांचं चामड्याचं घर उसवलं की शिवून देतात. बाबांनी पट्टा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "दोन कप्पे करून दी."

एका कप्प्यात अमेरिकन, डागासकट. दुसऱ्यात ती तिरक्या अक्षरांची. त्या काकांनी दोन्ही मापून घेतल्या आणि विचारलं, पुढच्या कप्प्यात कुठली राहणार? बटण त्या बाजूला लावतो.

मी रस्त्याकडे बघत उभी राहिले. कान मात्र तिकडे.

बाबांनी थोडा विचार केला. "दोनय बाजूक लाव."

बुधवारी मिळेल म्हणाले.